हिरवळीवर पाय ठेवू नये

बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या लॉनवर पहिल्यांदा माणसं चपला घालून चालली. मी ओसरीवरून बघत होते. रडू यायच्या ऐवजी मला वाटलं, आता हे उठतील. तिरडीवरून उठतील, सगळ्यांना कंपाउंडच्या बाहेर काढतील आणि मग परत जाऊन झोपतील.

अठरा वर्षं त्या लॉनवर कामाशिवाय कोणी पाय ठेवला नव्हता. आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. इथे अंगणात लोक भात वाळवतात, सुकट पसरतात, लग्नाचा मांडव घालतात. बाबांनी अंगणात गवत लावलं आणि ते बघायला ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची टाकली. ते टेंपो चालवायचे. आमच्या किनाऱ्यावर मुंबईकरांचे जे बंगले झाले, त्यांच्या लॉनचे रोल पोहोचवायचे. सतरंजीसारखे गुंडाळलेले, खाली मातीचा थर असलेले गवताचे तुकडे. प्रत्येक बंगल्यावर दोन-चार उरायचे, ते आमच्याकडे यायचे. त्यामुळे आमच्या लॉनमध्ये ओसरीजवळ कर्नलसाहेबांचं जाड पानाचं गवत होतं, विहिरीकडे डॉक्टरीणबाईंचं मऊ गवत होतं, आणि मध्ये एका सिनेमावाल्याचं होतं, जे दर मे महिन्यात मरायचं. लांबून गोधडी दिसायची. बाबा त्याला गालिचा म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडावर दुसरं काही म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

एका बंगल्याचा मालक बदलला तेव्हा तिथली पत्र्याची पाटीही त्यांनी उचलून आणली. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं: ‘हिरवळीवर पाय ठेवू नये’. ती त्यांनी लॉनच्या बरोबर मधोमध रोवली. ती रोवायला ते स्वतः लॉनवर चालत गेले असणार, पण ते कोणी पाहिलं नाही.

लॉनच्या आधी तिथे आईचे वाफे होते. भेंडी, अळू, कडेने वाल. आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पहिले रोल आले. मी तेव्हा पुण्याला शिकत होते. सुट्टीत घरी आले तर वाफे नव्हते. आम्ही दोघं ओसरीवर बसून गवत बघितलं.

आता मी उरणला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शनिवारी करंजाहून तरीने खाडी ओलांडून गावी यायचं, घर झाडायचं, रविवारी परत जायचं. बाबा गेल्यानंतर पहिले काही महिने मी लॉनला पाणीही घालत होते. इतर दिवशी ते काम गणाकाका करायचे. गणराज भोईर, बाबांचे टेंपोतले जोडीदार. बाबा गाडी चालवायचे आणि काका शेजारी बसून गाडी कशी चालवावी ते सांगायचे, असा वीस वर्षांचा धंदा. कर्नलसाहेबांनी दिलेलं, हाताने ढकलायचं कापणीचं यंत्र घेऊन काका दर पंधरा दिवसांनी यायचे, गवत कापायचे, आणि कापून झाल्यावर रिकाम्या खुर्चीकडे बघायचे.

मार्चपासून मला पाणी घालवेना. कारण हास्यास्पद आहे. पाइप हातात धरून उभी राहिले की मी बाबांसारखी खाकरायला लागले. तोच आवाज, तेवढाच लांब, शेवटी तोच ‘हं’. एकदा लक्षात आलं आणि मग प्रत्येक वेळी लक्षात यायला लागलं. मी पाइप गुंडाळून ठेवला. काकांना म्हटलं, तुम्हीही राहू द्या, उन्हाचे येऊ नका. मे महिन्यात सिनेमावाल्याचं गवत रिवाजाप्रमाणे मेलं, पाठोपाठ डॉक्टरीणबाईंचं. उरलेलं कर्नलसाहेबांचं मी कुदळीने खणून काढलं. त्याला तीन शनिवार लागले आणि हाताला फोड आले. लष्करी गवत होतं.

परदेशात लोक लॉन काढून रानफुलं लावतात, हे मी वाचलेलं होतं. तयार बियांची पाकिटंही मिळतात. मी एक मागवलं. पाकिटावर टोपी घातलेली एक गोरी बाई फुलांत उभी राहून हसत होती. बिया फेकल्या. त्यांतल्या बहुतेक मुंग्यांनी नेल्या आणि एक उगवली. ती झेंडूची निघाली.

मग पंपाच्या खोलीमागचा ढीग आठवला. बाबा अठरा पावसाळे लॉनमधून तण उपटत आले होते. उकिडवे बसून, एकेक रोप मुळापासून, शिव्या घालत. उपटलेलं सगळं त्या ढिगावर जायचं, आणि ढिगावर ते सगळं आनंदाने वाढायचं, फुलायचं, बिया टाकायचं. त्यांनी तिकडे कधी लक्ष दिलं नाही, कारण खुर्चीतून ती जागा दिसत नव्हती. मी जूनच्या मध्याला त्या ढिगाची माती घमेल्या-घमेल्याने आणून अंगणभर पसरली. पाटी काढायची म्हणून हात घातला होता. ती सहज निघाली असती. मी तिच्या भोवतीने माती टाकली.

श्रावणात अंगण उगवलं. केन्याची निळी फुलं, कवळ्याची पिवळी, कुर्डूचे गुलाबी तुरे, कुंपणावर चढलेली कळलावी, आणि सगळ्यांच्या वर तेरडा. कमरेएवढा, गच्च, गुलाबी. बाबांचे सगळे शत्रू एका जागी जमले होते आणि त्यांच्या मध्यभागी पाटीचं फक्त वरचं टोक दिसत होतं.

गावाने दखल घेतली.

“बाय, साप येतील,” शेजारून कोणी म्हणालं.

“गाय सोडू काय आत? हप्त्यात साफ करंल.”

“पोरगी पुस्तकं वाचते ना. जास्त वाचलं का आसं होतं.”

गणाकाका काहीच म्हणाले नाहीत, हे सगळ्यात वाईट होतं. ते दाराशी यायचे, फाटकाची कडी धरून उभे राहायचे आणि तिथूनच परत जायचे. नाक्यावर मात्र त्यांनी सांगितलं होतं, काळूरामच्या घरापुढं रान झालं. काळूराम म्हणजे माझे बाबा. ते मला तीन जणांनी येऊन सांगितलं, प्रत्येकाने मला वाईट वाटू नये म्हणून.

भाद्रपद लागता लागता एका रविवारी ते आत आले. ओसरीवर बसले, पण खुर्चीत नाही, पायरीवर.

“राही, अश्विनात वर्षश्राद्ध हाय.”

“हो काका.”

“पाव्हणं येतील. बंगलेवाले पण येतील, कर्नलसाब सोता बोल्ले, येतो. ते काय बघतील?” त्यांनी अंगणाकडे हात केला. “काळूनं मागं टेंपो ठेवला न्हाय, तो इकला. जमीन ठेवली न्हाय, ती आधीच गेली. एक लॉन ठेवलं. त्याचं तू हे केलंस.”

मी वाचलेल्या एकाही पुस्तकात या वाक्याचं उत्तर नव्हतं.

“अल्पेशचं एक काम चाललंय, मोठा बंगला हाय,” काका म्हणाले. अल्पेश हा त्यांचा मुलगा. तीस वर्षांचा, बंगल्यांच्या लॉनची देखभाल करतो. “त्यातले रोल उरतील. भरपूर. आता लावलं तर वर्षश्राद्धापर्यंत मूळ धरंल. मी सोता लावतो. तुला काय करायला न्हाय लागणार.”

“तुम्हाला योग्य वाटेल तसं करा,” मी म्हणाले.

मला नको होतं. पण जो माणूस माझ्या बापासाठी पायरीवर बसून रडू आवरत होता, त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. ठरलं असं की बंगल्याचं काम संपलं की लगेच अल्पेश रान कापायचं मशीन घेऊन येणार आणि सगळं भुईसपाट करणार. काम संपलं ते नेमकं गौरी यायच्या आदल्या दिवशी. रोल गुंडाळून फार काळ ठेवता येत नाहीत, आतून पिवळे पडतात. त्यामुळे सण असो नसो, दुसऱ्या दिवशी दुपारी टेंपो आमच्या दारात येणार होता.

आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा. मुळासकट उपटलेली तेरड्याची रोपं सुपात घेऊन बायका गौर घरी आणतात. पूर्वी ती माळावरून आणायच्या. माळावर बंगले झाले. आता तिथे भिंती आहेत, भिंतींच्या आत लॉन आहे, आणि ते लॉन माझ्या बापाने आणि गणाकाकांनीच पोहोचवलेलं आहे. गेली तीन-चार वर्षं बायका रिक्षा करून अलिबागच्या बाजारातून तेरड्याची जुडी आणत होत्या, रबर लावलेली. देवीला रबरातून सोडवून घरात घ्यायची.

त्यात यंदा काकांच्या घरी पहिला ओवसा होता. अल्पेशचं लग्न फेब्रुवारीत झालेलं, सून प्रणाली बोर्ली पंचतनची. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नव्या सुनेने फळं-नारळांनी भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची, तिला ओवसायचं, म्हणजे सगळी भावकी, माहेरची माणसं, नटूनथटून हजर. बोर्लीकडचे येऊन बघणार की यांच्याकडे गौर बाजारातून येते.

हे सगळं गोदूआत्याच्या डोक्यात माझ्या आधी आलेलं असणार. गोदूआत्या ही बाबांची मोठी बहीण, दिली गावातच. वय पंच्याहत्तर. पंधरा दिवसांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ती काळा गॉगल लावून गावभर फिरत होती. मी शुक्रवारची रजा टाकून आदल्या दिवशीच आले होते. सकाळी चहा ठेवत होते, तेव्हा ती हळदकुंकवाचं ताट घेऊन अंगणात शिरलेली दिसली.

“आत्या, काय चाललंय?”

“आवतण देतंय. गौरीला.” गौर आणायच्या आधी तेरड्याला हळदकुंकू वाहून बोलावणं करायचं असतं, आणि बोलावलेल्या देवीला मग कोणी कापायचं नसतं. “डाक्तर बोल्ला वाकायचं न्हाय. मंग उभ्यानीच देतंय.”

आणि ती उभ्यानेच देत होती. मूठ भरायची आणि फेकायची, भाताला खत टाकतात तशी. तेरड्यावर कुंकू, कुर्डूवर कुंकू, केन्यावर, कुंपणावर, गुंडाळून ठेवलेल्या पाइपावर, पंपाच्या खोलीच्या दारावर. पाकिटातल्या त्या एकुलत्या झेंडूवर. पाटीवर.

“आत्या, तेरडा तेवढाच. बाकीचं कशाला?”

“मना दिसतंय काय, तेरडा कंचा आन् काय कंचं?” ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी, “चहा उतू जातोय तुझा.”

चहा स्वयंपाकघरात होता आणि खिडकी चार बोटं उघडी होती.

दुपारी टेंपो आला. मागे रोलांचा डोंगर, शेजारी गणाकाका, गाडी कशी चालवावी ते अल्पेशला सांगत. अल्पेशने मशीन खांद्याला लावलं, दोरी ओढली, मशीन सुरू झालं, तो दोन पावलं आत आला आणि त्याने मशीन बंद केलं.

“पप्पा, कुंकू हाय.”

“कुठं?”

“सगळीकडं.”

काका आत आले. त्यांनी तेरडा बघितला, कुंपण बघितलं. मग पाटी बघितली. तिच्या कपाळावर, म्हणजे ‘हिरवळीवर’ या शब्दावर, कुंकवाचा मोठा ठसा होता. काकांचा हात आपोआप छातीकडे गेला, नमस्कार अर्धा झाला आणि तिथे थांबला.

“कोणी केलं हे?”

“मी,” गोदूआत्या म्हणाली. ती बाबांच्या खुर्चीत बसली होती. बाबांच्या खुर्चीत तीच बसू शकते. बाबांना लहानपणी तिने मारलेलं आहे. तिच्या मागे गल्लीतल्या सात-आठ बायका जमल्या होत्या, सुपं घेऊन. प्रणालीही होती, हिरवा चुडा, डोक्यावर पदर.

“बाजूचं कापतो,” अल्पेश म्हणाला. “तेरडा ठेवतो ना, आत्ये.”

“बाजूला काय हाय ते देवीचं न्हाय काय? चालव. देवीवर मशीन चालव. तुझा शर्ट काखेत फाटलाय तो आधी शिव.”

अल्पेशने काख झाकली. काकांनी घसा साफ केला. त्यांना मुद्दा सापडला होता.

“गोदू, हे घर सुतकाचं हाय. वर्ष न्हाय झालं. इथली गौर लोकांच्या घरात कशी चालंल?”

बायकांत कुजबूज झाली. मुद्दा खरा होता. वर्ष होईपर्यंत आमच्याकडे सण नव्हता.

“घरची गौर कोण नेतंय?” आत्या म्हणाली. “नाक्यावर कोण बोल्लं, काळूच्या घरापुढं रान झालं?”

काकांनी फाटकाकडे बघितलं.

“बोल्लास का न्हाय?”

“बोल्लो.”

“मंग एकदा ठरव, गणा. हे लॉन हाय का रान हाय? लॉन असंल तर घरचं, सुतकाचं, कोणी हात लावनार न्हाय. तू खुशाल रोल टाक, आन् तुझी सून बाजारची जुडी ओवसू दे. रबरवाली. रान असंल तर गौर रानातूनच येते, त्याला सुतक न्हाय.”

काकांनी सुनेकडे बघितलं. प्रणाली जमिनीकडे बघत होती, पण कान इकडे होते. टेंपोतून ओल्या मातीचा वास येत होता. बाबांच्या टेंपोला तसाच यायचा.

“राही,” काका म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. “तू बोल. तू हो बोल्ली होतीस.”

मी हो म्हणाले होते. आत्याने गॉगल माझ्याकडे वळवला. मला तिच्या मागे लपता आलं असतं. देवीचं आवतण आहे, माझा काय इलाज. काकांनी तेही मानलं असतं.

“मला लॉन नको, काका,” मी म्हणाले. “मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला पाणी घालवत नाही. पाइप धरला की मी त्यांच्यासारखी खाकरते. तिथे ते असतात आणि नसतात. मला नाही जमत.”

काका माझ्याकडे बघत राहिले, मग खुर्चीकडे.

“खाकरून शेवटी ‘हं’ करायचा,” ते म्हणाले.

“हो.”

“गाडीत पण करायचा. सिग्नलला.” त्यांनी उपरण्याने नाक पुसलं आणि बायकांकडे वळून, कारण नसताना ओरडून म्हणाले, “रान हाय! घ्या! रान हाय ते!”

बायका आत घुसल्या. कोणी कडेने, कोणी मधून, चपला फाटकाशी काढून. तेरडा मुळासकट निघायला लागला, माती झटकली गेली, सुपं भरली. पहिली गौर आत्याने प्रणालीच्या सुपात घातली. काका मात्र बाहेर पडले ते भिंतीच्या कडेकडेने, एक पाय दुसऱ्यापुढे टाकत, लॉन चुकवून.

आणलेल्या रोलांचं काय करायचं हा प्रश्न होता. ते काकांच्या घरी गेले. त्यांच्या पडवीत अल्पेशने गवत अंथरलं आणि गौर त्यावर बसवली. बोर्लीचे पाहुणे चकित झाले. तेरड्याची गौर आणि खाली खरं लॉन, असं त्यांनी कुठे बघितलं नव्हतं. माझ्या घरी सण नव्हता, म्हणून मी त्यांच्या फाटकातूनच बघितलं. काका दाराशी उभे होते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “कडेने जा. गवतावर पाय नको.”

अश्विनात वर्षश्राद्ध झालं. कर्नलसाहेब आले. ते ओसरीवर उभे राहून बराच वेळ अंगणाकडे बघत होते. मी काय बोलायचं ते ठरवत होते, तेवढ्यात ते म्हणाले, “माझं गवत कुठाय?” मी सांगितलं, तीन शनिवार लागले. त्यांनी समाधानाने मान हलवली.

पानं उठल्यावर काका पायरीवर येऊन बसले. तेरडा आता फुलून गेला होता. देठांना लहान, फुगीर, हिरव्या शेंगा लोंबत होत्या. काकांनी हात लांब करून एक चिमटीत धरली. शेंग फट्‌दिशी फुटली, सालं स्प्रिंगसारखी वळली आणि बिया त्यांच्या धोतरावरून पार पाटीपर्यंत उडाल्या. ते दचकले.

“आयला.”

“पिकली की फुटते,” मी म्हणाले.

त्यांनी दुसरी धरली. ती फुटली. मग तिसरी. मग ते उठले, कडेला क्षणभर थांबले, खाली चपलांकडे बघितलं, चपला काढल्या आणि आत गेले. सहासष्ट वर्षांचा माणूस, श्राद्धाचं जेवण जेवून, तेरड्यात वाकून एकेक शेंग फोडत चालला होता.

“म्हंजे हे पुढल्या वर्षी परत येनार?” त्यांनी पाठमोरंच विचारलं.

“येणार. तुम्हीच पेरताय.”

“हं,” काका म्हणाले, आणि पुढची शेंग धरली.